मधुमेहाच्या कोचिंगसाठी सभासद आणि कोच दोघंही रोज उघडतील असा डॅशबोर्ड कसा बनवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमध्ये मधुमेह आणि वजनासाठी ऑनलाइन कोचिंगचा कार्यक्रम चालतो. १८० सभासद, ३ कोच. बहुतेक सभासद पन्नाशीच्या पुढचे, घरात मराठी बोलणारे. ॲपच्या पहिल्याच पडद्यावर बारा ग्राफ आहेत, तरी दोन-तीन आठवड्यांत लोक ॲप उघडणं सोडतात आणि कोच शेवटी व्हॉट्सॲपवरच काम उरकतात. मग डॅशबोर्ड 'युजर-फ्रेंडली' करायचा म्हणजे नक्की काय बदलायचं?

रंग आणि आयकॉन नंतर बघू. आधी या एका डॅशबोर्डचे दोन करा. सभासदाला हवं असतं 'आज मी काय करू?' याचं उत्तर, आणि कोचला हवं असतं 'आज मी कोणाला फोन करू?' याचं. दोन्ही उत्तरं एकाच पडद्यात कोंबली की दोघांनाही ग्राफच दिसत राहतात, उत्तर कोणालाच मिळत नाही. या दोन्हींत कोचचा पडदा आधी बनवा असं मी ठामपणे सांगेन. आपण भरलेली नोंद कोणीतरी बघतं, त्यावर बोलतं, हे एकदा कळलं की साधा फॉर्मसुद्धा लोक आठवणीने भरतात. कोणी बघत नाही असं कळलं की कितीही देखणा पडदा असू द्या, महिन्याभरात ओस पडतो.

कोचच्या पडद्यावर ग्राफ नको, यादी हवी: आज ज्यांच्याशी बोलायलाच हवं अशा माणसांची, निकडीच्या क्रमाने. एक ओळ साधारण अशी दिसावी: 'जोशीकाकू, ६४. उपाशीपोटी साखर सलग ३ दिवस १६० च्या वर. शेवटचं बोलणं ९ दिवसांपूर्वी. तेव्हा ठरलं होतं: रात्रीचं जेवण आठच्या आत.' पुढे फोनचं बटण आणि 'नंतर' चं बटण, पण 'नंतर' दाबलं की तारीख द्यावीच लागेल. यादीत येण्याचं कारण शब्दांत लिहिलेलंच हवं. नुसता लाल ठिपका असला की कोचला आत जाऊन तीन पानं उघडावी लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात तो ती उघडायचा थांबतो. 'काय ठरलं होतं' हा रकाना तर काही झालं तरी काढू नका. त्याच्याशिवाय कोच दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो आणि काकू मनात म्हणतात, यांना माझं काहीच आठवत नाही.

या यादीतून सगळ्यात सहज निसटतो तो नोंदच न पाठवणारा माणूस. सॉफ्टवेअरला आकडा मिळाला की ते इशारा देतं. आकडाच आला नाही तर इशारा नाही, आणि पडदा हिरवागार. प्रत्यक्षात साखर वाढायला लागली की माणूस मोजणं टाळतो, कारण ते बघायची इच्छा नसते. म्हणजे ज्याला फोनची सर्वांत जास्त गरज आहे तोच यादीबाहेर राहतो. म्हणून शांततेलाही इशारा समजा. सगळ्यांना एकच मोजमाप मात्र लावू नका. प्रत्येकाच्या गेल्या चार आठवड्यांतल्या दोन नोंदींमधलं नेहमीचं अंतर काढा, सरासरीने नाही तर मध्यकाने (सगळी अंतरं क्रमाने लावली की मधोमध येणारं), म्हणजे एखाद्या लांब सुटीने हिशोब बिघडत नाही. त्याच्या तिप्पट दिवस गेले की नाव यादीत वर आणा. रोज नोंद करणारा तीन दिवस गप्प बसला तर फोन. दर तीन दिवसांनी करणाऱ्याला नऊ दिवस द्या. नव्या सभासदाची सवय अजून कळलेली नसते, तिथे पहिल्या दोन आठवड्यांत तीन दिवसांचाच नियम ठेवा.

फोन झाला की कोचला एका टिचकीत कारण निवडता यावं: पट्ट्या संपल्या, गावाला गेले, आजारी, फोन बदलला, कंटाळा आला, दुसरं काही. महिन्याच्या शेवटी ही कारणं मोजा. पट्ट्या संपणं हेच कारण निम्म्या वेळा निघालं, तर दुरुस्ती पडद्यात नको, पट्ट्यांच्या सोयीत हवी. कदाचित दिवसातून दोनदा मोजायला सांगणंच जास्त होत असेल.

इशाऱ्यांची संख्या ठरवताना कागद-पेन घ्या. १८० जण दिवसाला दोन नोंदी करतात, म्हणजे ३६० नोंदी. दहातली एक जरी इशारा झाली तरी ३६ इशारे. एकेकाला सहा मिनिटं धरली तर २१६ मिनिटं, तीन कोचमध्ये वाटली तर प्रत्येकी ७२. हे जमण्यासारखं आहे. पण जेवणानंतर १४० च्या वरची प्रत्येक नोंद लाल केली तर आकडा सहज शंभरापुढे जाईल, मग कोच सगळेच इशारे एकत्र 'वाचले' करून टाकतील, आणि त्यात खरा धोक्याचा इशाराही जाईल. म्हणून तीनच पायऱ्या ठेवा: लगेच, आज, या आठवड्यात. एकेकटी जास्त नोंद तिसऱ्या पायरीवर, सलग कल दिसला तर दुसऱ्या, आणि पहिल्या पायरीवर फक्त जिवाला धोका असू शकेल तेवढंच.

पहिल्या पायरीचे आकडे तुमच्या कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडून सहीने घ्या. सुरुवातीला चर्चेसाठी हे धरता येतील: साखर ७० च्या खाली, ५४ च्या खाली तर गंभीर, रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून जास्त, साखर डॉक्टरांनी ठरवलेल्या वरच्या मर्यादेच्या सलग दोनदा वर. यातली कुठलीच गोष्ट कोचची वाट बघत बसता कामा नये. सभासदाच्याच पडद्यावर त्या क्षणी सूचना उघडली पाहिजे. साखर ६२ भरली की दिसावं: 'आत्ता १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.' आणि खाली १५ मिनिटांचं घड्याळ आपोआप सुरू व्हावं. इथे साखरेऐवजी ग्लुकोज लिहिण्याला कारण आहे. आपल्याकडे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणारे पुष्कळ असतात. या गोळ्या साध्या साखरेचं पचन रोखतात, त्यामुळे साखर खाऊनही रक्तातली पातळी लवकर वर येत नाही. त्याच पडद्यावर घरच्यांसाठी मोठ्या अक्षरात: 'शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.' रक्तदाब १८०/१२० आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायला सांगा, आणि छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत न बसता सरळ १०८.

रात्री अकराला आलेला इशारा कोण बघणार, हेही आत्ताच ठरवा. कोणी बघणार नसेल तर सभासदाच्या पडद्यावर कायम दिसेल असं लिहा: 'कोच सकाळी ९ ते संध्याकाळी ६. तातडीचं असेल तर १०८.' नाहीतर माणूस आकडा भरतो आणि आता डॉक्टरांना कळलं असेल म्हणून निश्चिंत झोपतो. आणखी एक सीमा पक्की ठेवा. गोळीचा डोस बदलणं हे डॉक्टरांचं काम आहे, २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. म्हणून कोचच्या तयार संदेशांत डोसविषयी एकही वाक्य नको. त्या जागी 'डॉक्टरांकडे पाठवा' हे बटण ठेवा.

आता सभासदाचा पडदा. वर एकच कार्ड, आजचं काम: 'नाश्त्यानंतर दोन तासांनी साखर मोजा' किंवा 'जेवल्यावर १५ मिनिटं चाला'. त्याखाली शेवटची नोंद आणि तिचा अर्थ एका ओळीत. 'उपाशीपोटी १२४. तुमच्या ठरलेल्या ८० ते १३० मध्ये आहे.' जेवणानंतरची असेल तर '१९६. ठरलेल्या १८० पेक्षा थोडी जास्त. आज काय खाल्लं होतं?' हे ८०–१३० आणि १८० बहुतेक प्रौढांसाठी नेहमी वापरले जाणारे आकडे आहेत, पण वय, इन्सुलिन, हृदयविकार बघून डॉक्टर ते बदलतात. म्हणून मर्यादा प्रोग्रॅममध्ये कायमच्या लिहू नका, प्रत्येक सभासदाच्या नावावर साठवा. तिसरं म्हणजे कोचने लिहिलेला शेवटचा निरोप. एवढंच. बारा ग्राफ 'माझा प्रवास' अशा मागच्या पानावर जाऊ देत. ज्यांना हवेत ते तिथे जातील.

नोंद भरण्याच्या फॉर्मवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तो दिवसातून दोनदा वापरला जातो. क्रमांकाचा कीपॅड आपोआप उघडावा. 'उपाशीपोटी / जेवणाआधी / जेवणानंतर / झोपताना' ही मोठी बटणं, घड्याळ बघून एक आधीच निवडलेलं पण बदलता येणारं. नुसत्या घड्याळावर मात्र विसंबू नका. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात साडेदहाला गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी खाऊन आलेल्या माणसाची बारा वाजताची नोंद 'झोपताना' म्हणून धरली तर कोच उगाच औषधावर शंका घेईल. बहुतेक ग्लुकोमीटर साधारण २० ते ६०० मध्येच आकडा दाखवतात, त्यापलीकडे 'लो' किंवा 'हाय' एवढंच येतं. त्यासाठी वेगळी दोन बटणं हवीत, नाहीतर लोक ० किंवा ९९९ भरतात आणि सगळ्या सरासऱ्या नासतात. मुलाने इंग्लंडहून किंवा ऑस्ट्रेलियाहून पाठवलेलं मीटर आपल्याकडच्या मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये आकडा दाखवतं. ६.८ असा दशांश आला की फॉर्मने विचारावं, 'मीटरवर एमएमओएल लिहिलंय का?' आणि हो म्हटलं तर १८ ने गुणून १२२ साठवावं, मूळ आकडा आणि एकक दोन्ही जपून.

एकच फोन नवरा-बायको दोघं वापरतात हे गृहीतच धरा. फॉर्मच्या डोक्यावर फोटो आणि नाव ठळक दिसलं पाहिजे, आणि बदलायला एकच टिचकी पुरली पाहिजे. काकांची साखर काकूंच्या खात्यात गेली तर ती चूक आकड्यावरून ओळखू येत नाही, म्हणून सगळ्यात घातक. मीटरच्या पडद्याचा फोटो जोडायची सोय ठेवा, पण सक्ती नको.

ग्राफ ठेवाल तेव्हा काही गोष्टी हमखास चुकतात. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर एका रेषेने जोडली की करवतीसारखे दाते दिसतात आणि चांगला चाललेला माणूस घाबरतो. दोन्ही वेगळे ठिपके, मागे ठरलेल्या मर्यादेचा फिका पट्टा, रेषा नको. उभ्या अक्षाची मापं आपोआप बदलू देऊ नका, ११८ ते १२४ चा फरक डोंगराएवढा दिसतो. ५० ते ३०० असं पक्कं ठेवा. नोंद नसलेले दिवस रिकामेच राहू देत. वजन रोज पाणी-मिठाने किलोभर सहज हलतं, म्हणून रोजचा आकडा फिकट ठिपक्याने आणि ७ दिवसांची सरासरी ठळक रेषेने. एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला आठवड्याच्या ग्राफमध्ये जागाच नाही. रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर तो आकडा फसवाही असू शकतो, तेव्हा कोचच्या पडद्यावर त्या सभासदाच्या नावापुढे तशी खूण हवी.

भाषेचं बटण सेटिंगच्या आत नको, पहिल्या पडद्यावर हवं. इंदूरच्या मराठी घरांत आजी मराठी वाचते, मुलगा हिंदी शाळेत शिकलेला असतो, आणि औषधाच्या पाकिटावर इंग्रजी असतं. औषधांची नावं पाकिटावर आहेत तशीच इंग्रजी अक्षरांत दाखवा, नाहीतर चुकीची गोळी निवडली जाते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर एफबीएस (उपाशीपोटीची साखर), पीपीबीएस (जेवणानंतरची) लिहिलेलं असतं, तेच लघुरूप मराठी नावाखाली लहान अक्षरात द्या. मोजमापांचे आकडेही मीटरसारखेच इंग्रजी ठेवा. देवनागरी १ आणि मीटरवरचा नऊ घाईत सारखे दिसतात, आणि इथे ती चूक परवडत नाही.

देवनागरी अक्षर त्याच मापात रोमनपेक्षा बारीक वाटतं. मुख्य मजकूर किमान १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.६ पट, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. लांब नावं कापताना अक्षरं मोजून कापलं तर जोडाक्षर मधूनच तुटतं. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे नोटोसारखा टंक (फॉन्ट) ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. बटणं ४८ डीपीपेक्षा (अँड्रॉइडमधलं पडद्यावरचं माप) लहान नकोत, साधारण ९ मिलिमीटर. मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ४.५ ला १, मोतीबिंदूच्या वयात ७ ला १ असेल तर फारच बरं. रंगासोबत आकार आणि शब्द नेहमी हवा, कारण लाल-हिरवा वेगळा न दिसणारे पुरुष सभासद तुमच्याकडे असणारच.

सलग दिवसांची साखळी मोजणारं 'स्ट्रीक' काढून टाका. लग्न, ताप, एकादशी, कशानेही ती तुटते, आणि तुटल्यावर माणूस परत येत नाही. त्याऐवजी 'या आठवड्यात ४ दिवस' असं लक्ष्य ठेवा. उपवासासाठी वेगळं बटण द्या: 'उद्या उपवास आहे'. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने ते दाबलं की कोचच्या यादीत नाव 'आज' या पायरीवर यावं, म्हणजे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारता येतं. उपाशी राहून त्याच डोसवर साखर घसरू शकते. उलट साबुदाणा खिचडीने ती चढते, आणि तो आकडा बघून कोचने नेहमीचा बिघाड समजू नये. कॅलेंडर आयतं आणून लावू नका. इंदूरात हिंदी पंचांगाचा सावन आपल्या श्रावणाच्या साधारण पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे मराठी सभासदांना श्रावणी सोमवारची आठवण दोन आठवडे आधीच जाईल. सभासदाला एकदा विचारून ठेवा की घरात कोणतं पंचांग पाळतात.

जेवणाच्या नोंदीत ग्रॅम विचारू नका. 'पोहे: अर्धी प्लेट, एक प्लेट', 'वर शेव: हो, नाही', 'सोबत जलेबी: किती', इतकं पुरे. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते कच्च्या पदार्थांचे आहेत; गाडीवरच्या पोह्यांत तेल किती हे त्यांतून निघत नाही. त्यामुळे '३१७ कॅलरी' असा नेमका आकडा दाखवणं खोटं ठरतं. 'कर्बोदकं जास्त, प्रथिनं कमी' एवढं सांगितलं की कोचला बोलायला पुरतं.

गुप्ततेबद्दल: फोनच्या लॉक पडद्यावर 'तुमची साखर २८६' कधीही दाखवू नका, 'कोचचा निरोप आहे' पुरतं. समजा पुण्यात राहणाऱ्या मुलीला नोंदी दिसाव्यात का, हे सभासदाने ठरवायचं आणि कधीही बंद करता यायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, मराठी त्यात आहे. ती सूचना सोप्या मराठीत, एका पडद्यात मावेल अशी लिहून घ्या.

मागच्या बाजूला नोंदींचा एकच तक्ता पुरतो: कोणाची, कशाची, आकडा, एकक, मोजल्याची वेळ, भरल्याची वेळ, कोणी भरली, कुठून आली. मोजल्याची आणि भरल्याची वेळ वेगळी ठेवणं फार महत्त्वाचं. रेंज नसताना भरलेली सकाळची साखर दुपारी पोहोचते आणि नाहीतर जेवणानंतरची होऊन बसते. दुरुस्ती करताना जुनी ओळ पुसू नका, नवी ओळ जोडा.

प्रोग्रॅमरकडे जाण्याआधी कोचची यादी दोन आठवडे गूगल शीटमध्ये हाताने चालवून बघा. कुठले नियम निरुपयोगी आहेत हे तिथेच कळतं, फुकटात. सभासदाचा पडदा पाच जणांवर तपासा: साठीच्या आसपासचे, त्यांच्या घरी, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच चष्म्याने, फोनचं अक्षर त्यांनी मोठं करून ठेवलं असेल तर तसंच. 'आत्ताची साखर भरा' आणि 'काल भरलेली चूक दुरुस्त करा' ही दोन कामं द्या आणि मध्ये बोलू नका. पहिलं काम वीस सेकंदांच्या वर गेलं तर फॉर्म पुन्हा करा. किती जणांनी ॲप उघडलं हे मोजण्यात अर्थ नाही. यादीत आलेल्यांपैकी किती जणांशी २४ तासांत बोलणं झालं आणि आठव्या आठवड्यात किती जण चार दिवस नोंद करताहेत, हे दोन आकडे दर सोमवारी बघा.

स्मार्ट घड्याळं जोडायचं काम अगदी शेवटी घ्या. फोन आणि घड्याळ दोन्हींतून पावलं आली की ती दोनदा मोजली जातात, म्हणून प्रत्येक सभासदासाठी एकच स्रोत मुख्य ठरवा आणि दुसरा फक्त पहिला बंद असेल त्या वेळेपुरता धरा.